जमात सरकारांची लैंगिक गुन्हेगार नोंदणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या जमातींना आपल्या भूमीवर लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी स्वतः चालवता येते. ती उभी करायची कशी, कुठे अडते आणि का अडते, याविषयी पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. कायदा, पोलीस संगणक यंत्रणा किंवा समाजकार्य या क्षेत्रांत तिकडे काम करणाऱ्या मराठी वाचकांना आणि या व्यवस्थेकडे इथून अभ्यासू नजरेने पाहणाऱ्यांना त्यांचा उपयोग व्हावा.

‘जमात सरकार’ म्हणजे आपल्याकडच्या आदिवासी विकास विभागासारखे काही का?

नाही, आणि हा गैरसमज आधीच काढून टाकलेला बरा. गडचिरोली किंवा नंदुरबारमधील पेसा क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, जमीन, गावपातळीवरची कामे यांबाबत अधिकार आहेत. पण ती फौजदारी कायदा करत नाही, की कोणाला तुरुंगात पाठवत नाही. अमेरिकेत संघ सरकारने मान्यता दिलेल्या पावणेसहाशेच्या आसपास जमाती आहेत आणि त्यांची सरकारे ही खरोखरची सरकारे आहेत. त्यांची निवडून आलेली कौन्सिल असते, कायदे असतात, अनेकींचे पोलीस आणि न्यायालयेही असतात. १८३१ च्या चेरोकी नेशन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ‘अंतर्गत अवलंबित राष्ट्रे’ म्हटले. तेव्हापासून त्यांचे सार्वभौमत्व मान्य आहे, पण त्याला संघ सरकारची मर्यादाही आहे. ‘रिझर्व्हेशन’ म्हणजे इथे राखीव जागा नव्हे, तर जमातीची राखीव भूमी. पुढे तो शब्द याच अर्थाने येईल.

हा कायदा आला कुठून?

२७ जुलै १९८१ रोजी फ्लोरिडातील हॉलिवूड गावच्या मॉलमधून अ‍ॅडम वॉल्श हा सहा वर्षांचा मुलगा पळवला गेला आणि त्याची हत्या झाली. बरोबर २५ वर्षांनी, २७ जुलै २००६ रोजी त्याच्या नावाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्या कायद्याचा पहिला भाग म्हणजे लैंगिक गुन्हेगार नोंदणी व सूचना कायदा. सगळे त्याला ‘सॉर्ना’ म्हणतात.

त्याआधी १९९४ आणि १९९६ चे संघीय कायदे होते, पण ते राज्यांसाठी होते. जमातींचा त्यांत विचारच नव्हता. म्हणून एखादा गुन्हेगार रिझर्व्हेशनवर राहायला गेला की अनेकदा कोणाच्याच वहीत त्याचे नाव उरत नसे. राज्याचे पोलीस हद्दीबाहेर म्हणून हात वर करत आणि जमातीकडे वहीच नसे. सॉर्नाने राज्ये, प्रदेश (राज्याचा दर्जा नसलेले अमेरिकेचे भाग) आणि जमाती यांना पहिल्यांदा एका पातळीवर ‘नोंदणी क्षेत्र’ मानले. हद्दींमधली ही फट बुजवणे हाच या सगळ्या कामाचा हेतू आहे. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात ती फट दिसेल.

कोणत्याही जमातीला नोंदणी चालवता येते का?

नाही. १९५३ च्या ‘पब्लिक लॉ २८०’ने काही राज्यांना रिझर्व्हेशनवरचे फौजदारी अधिकार दिले. कॅलिफोर्निया, मिनेसोटा, नेब्रास्का, ओरेगॉन, विस्कॉन्सिन आणि नंतर अलास्का ही सक्तीची सहा राज्ये. तिथल्या, त्या कायद्याखाली येणाऱ्या जमातींची नोंदणी आपोआप राज्याकडे गेली. या राज्यांतही रेड लेक, वॉर्म स्प्रिंग्ज यांसारखे अपवाद आहेत, त्यामुळे केवळ नकाशा पाहून निष्कर्ष काढू नका.

उरलेल्या जमातींना एका वर्षात, म्हणजे २७ जुलै २००७ पर्यंत, ठराव करून निवड करायची होती: नोंदणी स्वतः चालवायची की राज्यावर सोपवायची. ठराव न करणाऱ्यांचा अधिकार राज्याकडे गेला. दीडशेहून अधिक जमातींनी नोंदणी स्वतःकडे ठेवली आणि आज त्यांतील बहुसंख्य जमातींच्या नोंदणीला, ती सॉर्नाच्या अटींत बसते म्हणून, केंद्राची मान्यता आहे. देशात सर्वांत आधी, सप्टेंबर २००९ मध्ये, मान्यता मिळाली ती ओहायो राज्याला आणि ओरेगॉनमधील युमाटिला जमातींच्या महासंघाला. ओरेगॉन सक्तीच्या यादीत असले तरी युमाटिलांबाबतचा फौजदारी अधिकार राज्याने आधीच परत केला होता.

राज्यावर सोपवून मोकळे झाले तर काय बिघडते?

काम कमी होते, पण अधिकारही जातो. सोपवणाऱ्या जमातीने राज्याच्या अधिकाऱ्यांना आपल्या भूमीवर प्रवेश आणि सहकार्य द्यायचे, असे कायदाच सांगतो. म्हणजे आपल्या वस्तीत कोणाची नोंद घ्यायची, पत्ता कसा पडताळायचा, शेजाऱ्यांना कधी कळवायचे हे बाहेरचा अधिकारी ठरवणार. पोलीस दल दोन-चार माणसांचे असेल आणि नोंदणीत येणारी माणसे मोजकी असतील, तर सोपवण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

मात्र वाईट परिस्थिती तिसरीच असते. कागदावर नोंदणी जमातीची, पण प्रत्यक्षात कोणीच करत नाही. अशा जमातीला वाजवी मुदतीत काम जमणार नाही असे अमेरिकेच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे न्याय विभागाच्या प्रमुखाने, ठरवले, तर नोंदणी तिच्या इच्छेविरुद्धही राज्याकडे जाऊ शकते.

शून्यातून सुरुवात करताना पहिले पाऊल कोणते?

संगणक नव्हे. पहिले पाऊल म्हणजे जमातीची नोंदणी संहिता. त्यासाठी आदर्श मसुदा उपलब्ध आहे. न्याय विभागातले ‘स्मार्ट ऑफिस’ तो देते आणि जमातीचा मसुदा तपासूनही देते. मसुदा घ्या, पण तसाच मंजूर करू नका. नेहमी दिसणारे दोष असे:

मसुद्यातली रिकामी जागा तशीच राहते आणि ‘जमातीचे नाव’ हे शब्दच कायद्यात छापले जातात. जमातीकडे नसलेल्या पदाला, उदाहरणार्थ ‘प्रोबेशन प्रमुखा’ला, कामे नेमून दिली जातात. शेजारच्या राज्याच्या कलमांचे जुने क्रमांक टाकले जातात आणि राज्याने कायदा बदलला की गुन्ह्यांची यादीच लटकते. यावर उपाय म्हणजे राज्याची कलमे मोजत बसण्याऐवजी गुन्ह्याचे वर्णन संहितेत लिहायचे आणि ‘अन्य कोणत्याही क्षेत्रातील तत्सम गुन्हा’ अशी जोड द्यायची.

क्रम असा ठेवा: मसुदा, जमातीचे वकील, पोलीस आणि न्यायालय यांच्याकडून एकत्र वाचन, स्मार्ट ऑफिसकडे अनौपचारिक तपासणी, मग कौन्सिलचा ठराव. ठराव आधी आणि तपासणी नंतर झाली, तर तीच संहिता दोनदा कौन्सिलपुढे न्यावी लागते.

जमातीला बिगर-आदिवासी माणसावर फौजदारी अधिकार नाही. मग त्याची नोंद कशी करणार?

या सगळ्या विषयातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या ऑलिफंट निकालात सांगितले की जमातीची न्यायालये बिगर-आदिवासी माणसावर फौजदारी खटला चालवू शकत नाहीत. स्त्रियांवरील अत्याचारविरोधी कायद्याच्या २०१३ आणि २०२२ च्या सुधारणांनी कौटुंबिक हिंसा आणि पुढे लैंगिक हिंसा, मुलांवरील हिंसा अशा ठरावीक गुन्ह्यांपुरता तो अधिकार परत दिला, तोही अटी पाळणाऱ्या जमातींना. नोंदणी न करणे हा गुन्हा त्या यादीत नाही.

पण सॉर्नाखाली जमातीच्या भूमीवर राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या प्रत्येक पात्र गुन्हेगाराची नोंद करायचीच असते, तो आदिवासी असो वा नसो. म्हणून संहितेत दोन वाटा स्वतंत्र लिहाव्या लागतात. आदिवासी व्यक्तीसाठी फौजदारी शिक्षा. बिगर-आदिवासी व्यक्तीसाठी दिवाणी दंड, न्यायालयाच्या अवमानाची कारवाई, जमातीच्या भूमीतून बहिष्करण आणि प्रकरण संघीय यंत्रणेकडे पाठवणे. एकाच कलमात ‘जो कोणी नोंदणी करणार नाही त्यास कैद’ असे लिहिले, की पहिल्याच बिगर-आदिवासी आरोपीचा वकील ते कलम मोडीत काढतो.

संघीय यंत्रणेचा आधार मात्र भक्कम आहे. यू.एस. कोडच्या १८व्या शीर्षकातील कलम २२५० नुसार, जाणूनबुजून नोंदणी न केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राज्याच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्या माणसाला हे कलम लागायला साधारणपणे आंतरराज्य प्रवास दाखवावा लागतो. पण ‘इंडियन कंट्री’त, म्हणजे जमातींच्या भूमीत, शिरणे, तिथून बाहेर पडणे किंवा तिथे राहणे एवढेही पुरते. जमातीच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्याच्या बाबतीत प्रवास दाखवायचीही गरज नाही. शोध आणि तपासाचे काम मुख्यतः यू.एस. मार्शल सेवा हे संघीय दल करते. त्यांच्या त्या भागातल्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक नोंदणी टेबलावरच असावा.

नोंद कोणाकोणाची?

राहणे, नोकरी, शिक्षण या तिघांपैकी एकही गोष्ट जमातीच्या भूमीवर असेल तर नोंद तिथे. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एखादा माणूस ३० दिवस तिथे राहिला तर तो रहिवासी धरायचा. नोकरी म्हणजे पगारी कामच असे नाही, बिनपगारी कामही त्यात येते. शहरातून रोज कॅसिनोत कामाला येणारा आचारी, जमातीच्या महाविद्यालयात नाव घातलेला विद्यार्थी, उन्हाळी शिबिरातला स्वयंसेवक हे सगळे यात येतात. आणि राहण्याच्या ठिकाणची नोंद झाली म्हणून नोकरीच्या ठिकाणची सुटत नाही.

उलट, जमातीचा सदस्य दूर शिकागोत राहत असेल आणि रिझर्व्हेशनशी त्याचा यांपैकी कोणताच संबंध नसेल, तर केवळ सदस्य म्हणून त्याची नोंद करण्याची सॉर्नाची अट नाही.

हद्द डोळ्यांना दिसत नाही, हीही अडचण आहे. अ‍ॅरिझोनातील स्कॉट्सडेल कम्युनिटी कॉलेज सॉल्ट रिव्हर पिमा-मॅरिकोपा समुदायाच्या जमिनीवर उभे आहे. फिनिक्स परिसरात अनेक मराठी कुटुंबे राहतात; रस्ता ओलांडताना आपण दुसऱ्या सरकारच्या भूमीवर आलो हे त्यांच्याही लक्षात येत नसेल. नाव्हाहो नेशन तर अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा अशा तीन राज्यांत पसरलेले आहे.

पहिली, दुसरी, तिसरी श्रेणी कशावरून ठरते?

सॉर्नातल्या या तीन श्रेणी ठरतात त्या गुन्ह्यावरून. माणूस पुन्हा गुन्हा करील की नाही याचा तो अंदाज नाही, आणि तसा तो लोकांना सांगूही नये. पहिल्या श्रेणीला १५ वर्षे, वर्षातून एकदा हजेरी. दुसऱ्या श्रेणीला २५ वर्षे, दर सहा महिन्यांनी. तिसऱ्या श्रेणीला आयुष्यभर, दर तीन महिन्यांनी. पहिल्या श्रेणीतल्या माणसाने दहा वर्षे निष्कलंक काढली तर पाच वर्षे कमी होऊ शकतात.

जमातीच्या न्यायालयाने दिलेल्या शिक्षेबाबत एक खाच आहे. दुसरी किंवा तिसरी श्रेणी लागायला त्या गुन्ह्याला एक वर्षाहून जास्त कैदेची तरतूद असावी लागते. जमातीच्या न्यायालयांची मर्यादा दीर्घकाळ एकच वर्ष होती, त्यामुळे अत्यंत गंभीर कृत्यही पहिल्या श्रेणीत जाई. २०१० च्या जमात कायदा व सुव्यवस्था अधिनियमाने ती मर्यादा एका गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत नेली, पण आरोपीला वकील, कायदा शिकलेला न्यायाधीश, प्रसिद्ध केलेले कायदे आणि कामकाजाचे ध्वनिमुद्रण या अटींवर. म्हणून जुन्या निकालाची श्रेणी ठरवताना त्या वेळी कोणती कमाल शिक्षा लागू होती ते आधी पाहा.

नोंदणीच्या दिवशी टेबलावर नेमके काय होते?

पहिल्या नोंदणीसाठी दीड ते दोन तास राखून ठेवा. आधी ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट असेल तर तो, असे सगळे स्कॅन करून घ्यायचे. मग नाव, टोपणनावे, जन्मतारीख, सामाजिक सुरक्षा क्रमांक, फोन, ईमेल आणि समाजमाध्यमांवरची नावे, राहण्याच्या सगळ्या जागा, नोकरी, शाळा, वाहने, व्यावसायिक परवाने. टोपणनावे विचारताना घाई करू नका. रिझर्व्हेशनवर माणूस अनेकदा कागदावरच्या नावाने ओळखलाच जात नाही. घरच्या भाषेतले नावही लिहून घ्या.

बोटांच्या आणि तळहाताच्या ठशांवर सर्वाधिक वेळ जातो. जुने स्कॅनर फक्त बोटे घेतात, पण सॉर्नाला तळहातही लागतो. यंत्र घेण्यापूर्वीच हे तपासा. मेंढ्या राखणारे, बांधकामावरचे, लाकूड तोडणारे यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. हात कोमट पाण्याने धुवून पूर्ण पुसायचे. त्वचा फार कोरडी असेल तर किंचित मलम लावून ते पुसून टाकायचे. बोट दाबायचे नाही, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलके फिरवायचे. जोर दिला की रेषा एकमेकींत मिसळतात आणि ठसा परत येतो. पुढे टोपी आणि चष्मा काढून फोटो. डीएनए नमुना आधीच संघीय संचात आहे का ते पाहायचे, नसेल तर घ्यायचा.

शेवटी कर्तव्यांचा फॉर्म. तो हातात देऊन ‘इथे सही करा’ म्हणणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रत्येक कलम मोठ्याने वाचायचे, लागल्यास जमातीच्या भाषेत समजावायचे आणि प्रत्येक कलमासमोर आद्याक्षरे घ्यायची. पुढे खटला उभा राहतो तो ‘जाणूनबुजून’ या एका शब्दावर. त्या दिवशी माणसाला काय सांगितले गेले, याचा पुरावा म्हणजे हाच कागद.

घराला क्रमांक नाही, रस्त्याला नाव नाही. पत्ता काय लिहायचा?

टपालपेटीचा क्रमांक हा राहण्याचा पत्ता नव्हे. तो लिहून मोकळे होणे ही सर्वत्र दिसणारी चूक आहे. घराकडे जाऊन अक्षांश-रेखांश घ्या आणि जोडीला वर्णन लिहा: पाण्याच्या टाकीपासून किती मैल, कोणत्या दिशेला, फाटकाचा रंग कोणता, मागे किती घरे. पावसाळ्यात रस्ता बंद होत असेल तर तेही लिहा. ज्याला पक्के घरच नाही, आज बहिणीकडे, उद्या पिकअप गाडीत, अशा माणसाची नोंदही करायचीच. तो रात्री साधारण कुठे असतो त्या जागेचे वर्णन चालते. घर नाही म्हणून नोंद नाकारली, तर त्याला न नोंदल्याचे निमित्त आपणच देतो.

किती माणसे लागतात?

हिशोब करून पाहा. समजा नोंदणीत ४० जण आहेत: २० तिसऱ्या श्रेणीत, १२ दुसऱ्या, ८ पहिल्या. वर्षाच्या हजेऱ्या झाल्या ८० अधिक २४ अधिक ८, म्हणजे ११२. आठवड्याला दोन. वाटते, अर्ध्या वेळाचा माणूस पुरेल. पण त्यात पत्ता, नोकरी, गाडी बदलल्याच्या नोंदी धरलेल्या नाहीत, आणि त्या तीन कामकाजाच्या दिवसांत घ्यायच्या असतात. घरी जाऊन पडताळणी करायची तर दोन माणसे आणि कच्च्या रस्त्याचा अर्धा दिवस लागतो. म्हणून एक पूर्णवेळ अधिकारी आणि त्याच अधिकारांचा, तेवढेच प्रशिक्षण घेतलेला एक पर्यायी माणूस हे किमान समजा. पर्यायी माणूस नसेल तर अधिकाऱ्याच्या आजारपणात आलेला गुन्हेगार ‘मी आलो होतो, कोणी नव्हते’ असे म्हणतो, आणि ते खरे असते.

सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते का?

नाही. स्मार्ट ऑफिस जमाती आणि प्रदेशांना ‘टीटीसॉर्स’ ही प्रणाली मोफत देते. अंतर्गत नोंदवही आणि सार्वजनिक संकेतस्थळ दोन्ही तिच्यात येते. हे संकेतस्थळ राष्ट्रीय शोध संकेतस्थळाला जोडले जाते. नॉर्थ डकोटातील विद्यार्थिनी ड्रू शोडीन २००३ मध्ये मारली गेली. राष्ट्रीय संकेतस्थळाला तिचेच नाव आहे.

पण टीटीसॉर्समध्ये माहिती भरली म्हणजे ती एफबीआयच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेली असे नाही. ती नोंदवही एनसीआयसी या पोलीस प्रणालीत असते, आणि महामार्गावर गाडी अडवणारा पोलीस पाहतो ती तीच. पूर्वी जमातीला ही नोंद राज्य किंवा काउंटीकडून (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) करून घ्यावी लागे. न्याय विभागाचा ‘टॅप’ कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात सहभागी जमातींना थेट प्रवेश मिळतो आणि ठसे, फोटो घेण्याची यंत्रेही मिळतात. त्यासाठी ही प्रणाली हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांची ठशांसह पार्श्वभूमी तपासणी, प्रशिक्षण आणि माहिती सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. यंत्र येऊन खोक्यात पडून राहते ते बहुधा ही तपासणी वेळेत न केल्याने.

शेजारच्या काउंटीशी लेखी करार हवाच का?

हवा. सॉर्ना जमातीला सगळे काम स्वतः करायला लावत नाही. ठसे काउंटीने घ्यावेत, एनसीआयसीची नोंद राज्याने करावी असा करार चालतो. जबाबदारी मात्र जमातीचीच राहते. करारात ‘परस्पर सहकार्य करतील’ एवढेच लिहिले तर तो निरुपयोगी. कोण, किती तासांत, कोणत्या मार्गाने, आणि झाले की कोणाला कळवायचे हे लिहा.

सर्वाधिक माणसे हरवतात ती बदलीच्या वेळी. गुन्हेगार काउंटीत सांगतो, ‘मी रिझर्व्हेशनवर चाललो.’ काउंटी त्याच दिवशी नाव बंद करते. जमातीला कोणी कळवत नाही, किंवा कळवले तरी तो येत नाही. आता दोन्ही वह्या स्वच्छ आहेत आणि माणूस कुठेच नाही. करारात एक वाक्य टाका: नव्या ठिकाणी तो प्रत्यक्ष हजर झाल्याचा निरोप आल्याशिवाय जुनी नोंद बंद होणार नाही. निरोपासाठी सॉर्ना एक्स्चेंज पोर्टल आहे. ते रोज सकाळी उघडायची सवय लावा.

तुरुंगातून सुटणाऱ्यांचेही तसेच. काही राज्ये सुटणाऱ्या गुन्हेगारांबद्दल जमातींना कळवतच नाहीत, ही त्रुटी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१४ च्या अहवालात दाखवून दिली. जवळच्या प्रत्येक तुरुंगाच्या सुटका विभागाला जमातीच्या नोंदणी अधिकाऱ्याचे पद आणि ईमेल लेखी द्या. व्यक्तीचे नाव नव्हे, पद; कारण माणसे बदलतात.

संकेतस्थळावर काय टाकू नये?

पीडितेची ओळख, सामाजिक सुरक्षा क्रमांक, दोषसिद्धी न झालेल्या अटका, पासपोर्टचे क्रमांक आणि ईमेलसारखी इंटरनेटवरची नावे ही सार्वजनिक करायला मनाई आहे. नोकरी देणाऱ्याचे आणि शाळेचे नाव वगळण्याची मुभा आहे.

पहिल्या अटीकडे लहान समाजात जास्तच लक्ष द्यावे लागते. गुन्ह्याच्या नावातच नाते असेल, जसे ‘सावत्र मुलीवर अत्याचार’, तर आठशे वस्तीच्या गावात नाव न घेताही मुलगी ओळखली जाते. वय, वर्ष आणि नाते या तीन गोष्टी एकत्र आल्या की ओळख उघड होते. म्हणून सार्वजनिक पानावर गुन्ह्याचे कायदेशीर नाव नात्याविना मांडता येते का हे जमातीच्या वकिलाबरोबर आधी ठरवा, आणि माहिती प्रसिद्ध होण्यापूर्वी पीडितेच्या कुटुंबाला साहाय्यकामार्फत कळवा. फोटो आधी फोनवर दिसला आणि मग कोणी सांगायला आले, असे कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये.

अल्पवयीन मुलांची नोंद करायची का?

अगदी मर्यादित प्रकरणांत: वय १४ किंवा अधिक आणि बळजबरीच्या अत्यंत गंभीर लैंगिक गुन्ह्याइतके कृत्य. त्यांची माहिती संकेतस्थळावर न टाकण्याची मुभा २०११ च्या पूरक सूचनांनी दिली आहे. ती मुभा वापरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा येण्याआधीच्या गुन्ह्यांचे काय?

जे आज तुरुंगात किंवा देखरेखीखाली आहेत, जे आधीच नोंदणीत आहेत आणि जे नव्या गंभीर गुन्ह्यामुळे पुन्हा यंत्रणेत आले, त्यांना शोधून नोंदवायचे असते. केंद्राच्या सूचनांनुसार तिसऱ्या श्रेणीसाठी तीन महिने, दुसऱ्यासाठी सहा महिने, पहिल्यासाठी एक वर्ष अशी त्याची मुदत आहे. नोंदणी ही शिक्षा नसून दिवाणी स्वरूपाची व्यवस्था आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अलास्काच्या प्रकरणात २००३ मध्ये म्हटले; जुन्या गुन्ह्यांना ती लावता येते ती त्या आधारावर.

सरळ हद्दपार केले तर?

बहिष्करणाचा अधिकार जमातीकडे आहे आणि काही वेळा तो वापरावाच लागतो. पण तो पहिला उपाय नसावा. हद्दीबाहेर काढलेला माणूस बहुतेकदा कुंपणापलीकडे दोन मैलांवर राहतो, नातेवाइकांकडे रात्री येतो, आणि आता त्याच्या हजेरीची तारीख कोणाच्या वहीत नसते. बहिष्करण केलेच तर त्याच दिवशी काउंटीला, राज्याला आणि मार्शल सेवेला कळवा.

तो परदेशी निघाला तर?

किमान २१ दिवस आधी प्रवासाची माहिती द्यावी लागते: तारखा, विमान, मुक्काम. ती मार्शल सेवेकडे जाते. मुलांवरील गुन्ह्यात दोषी असलेल्यांच्या पासपोर्टवर २०१६ च्या आंतरराष्ट्रीय मेगन कायद्यानुसार तसा शेरा असतो.

मान्यता मिळवण्यासाठी काय पाठवायचे?

मंजूर संहिता आणि ठराव, कार्यपद्धतीची पुस्तिका, सह्या झालेले करार, कोरे फॉर्म, संकेतस्थळाची चित्रे आणि भरलेली तपासणी सूची. एक सूट लक्षात ठेवा: नोंदणी न केल्यास एक वर्षाहून जास्त शिक्षेची तरतूद राज्यांना बंधनकारक आहे, जमातींना नाही. पैशासाठी अ‍ॅडम वॉल्श कायदा अंमलबजावणी अनुदान आहे. अनुदानातून यंत्रे घेता येतात, पण अधिकाऱ्याचा पगार अनुदान संपल्यावर कोण देणार हे कौन्सिलने आधीच ठरवावे.

भारतात अशी नोंदवही आहे का?

आहे, पण वेगळी. २० सप्टेंबर २०१८ रोजी गृह मंत्रालयाने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय विदासंच सुरू केला. तो राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाकडे आहे आणि फक्त तपास यंत्रणांना दिसतो, नागरिकांना नाही. गुन्हेगाराने ठरावीक महिन्यांनी हजेरी देण्याची पद्धतही त्यात नाही. पीडितेची ओळख उघड करणे हा आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे.

संकेतस्थळावर नाव नाही, म्हणजे माणूस सुरक्षित?

नाही. नोंदवहीत फक्त दोषी ठरलेले असतात, आणि मुलांवर अत्याचार करणारे बहुतेकदा घरातले किंवा ओळखीचे असतात, ज्यांची तक्रारच झालेली नसते.

नोंदणी अधिकारी नोकरी सोडून गेला तर काय हातात असावे?

टीटीसॉर्स, पोर्टल आणि टॅपचे प्रवेश त्याच दिवशी बंद करून पर्यायी अधिकाऱ्याच्या नावे सुरू करा. पुढच्या ९० दिवसांत कोणाची हजेरी कधी आहे त्याची छापील यादी, प्रत्येक घराचे अक्षांश-रेखांश, करारांच्या मुदतीच्या तारखा आणि काउंटी, राज्य, मार्शल, तुरुंग येथील संपर्क एका फाइलमध्ये ठेवा. ही फाइल दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी नव्याने छापा आणि पोलीस प्रमुखाच्या कुलपातल्या कपाटात ठेवा.